लाल फिल्टर आणि फटकी मिरची

रंगीत फोटो म्हणजे धंदा आणि ब्लॅक अँड व्हाइट म्हणजे कला, हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की जळगाव-धुळ्याकडच्या फोटोग्राफर मंडळींनी ते माझ्या नावावरच टाकलंय. नव्या पोरांच्या कार्यशाळेत बोललो, प्रदर्शनाच्या उद्घाटनात बोललो, मांडवात अक्षता पडायची वाट बघत उभ्या असलेल्या सहकाऱ्यांनाही ऐकवलं. त्यामागे तत्त्वज्ञान तयार होतं. रंगीत फोटोत आपण साडी बघतो, काळ्यापांढऱ्यात चेहरा बघतो. रंग काढला की माणूस उरतो. रंग ही रंगरंगोटी, उजेड-सावली हे सत्य. यातलं शेवटचं वाक्य आता मला अजिबात पटत नाही, आणि आधीच्या दोनांवरचाही विश्वास बराच ढळलाय. ज्यांना मी हे शिकवलं त्यांच्यापैकी कितीतरी जण आज माझ्यापेक्षा चांगलं काम करतात. मत कसं फिरलं ते त्यांना कळायला हवं, म्हणून हे लिहितोय.

मी शिकलो धुळ्यात, आग्रा रोडवरच्या एका स्टुडिओत. मालकांना सगळे काका म्हणत. डार्करूम म्हणजे जिन्याखालची खोली. लाल बल्ब, तीन ट्रे, दोरीला चिमट्याने लटकवलेले प्रिंट आणि कपड्यांतून रात्रीसुद्धा न जाणारा हायपोचा वास. डेव्हलपर विकत आणायची चैन नव्हती, तो आम्हीच बनवायचो. डी-७६ चं माप अजून तोंडपाठ आहे : लिटरभर पाण्याला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. क्रम चुकवायचा नाही. सल्फाइट आधी घातलं की मेटॉल विरघळायला कुरकुर करतं, म्हणून चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग बाकीचं. काका हे सगळं सराफाच्या काट्यासारख्या छोट्या तराजूवर तोलायचे आणि तोलताना कोणी पंखा लावला तर खवळायचे.

खरी कसोटी असायची उन्हाळ्यात. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म धुण्याचं पुस्तकी तापमान २० अंश. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल असं येतं. २० अंश कुठून आणायचे? गोळेवाल्याकडून बर्फाचा तुकडा आणायचा, घमेल्यात ठेवायचा, त्यात डेव्हलपिंग टँक बसवायचा. डेव्हलपर गार आणि धुवायचं पाणी गरम असलं की फिल्मवरचं जिलेटिन आकसतं-फुगतं आणि निगेटिव्हवर बारीक सुरकुत्यांचं जाळं पडतं. म्हणून रोल धुवायचं काम रात्री अकरानंतर, नाहीतर पहाटे. पुढे रंगीत निगेटिव्ह आली. तिची सी-४१ नावाची प्रक्रिया १९७२ साली बाजारात आली आणि तिच्या डेव्हलपरला तापमान लागतं ३७.८ अंश. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी हसलो होतो. ज्याला आम्ही परकं मानत होतो त्याला आमच्या नळाचंच पाणी लागत होतं, आणि जे आम्हाला अस्सल वाटत होतं ते बर्फाच्या लादीवर जगत होतं. (अर्थात सी-४१ ला ते तापमान काटेकोर राखावं लागतं, पाव अंशाचाही फरक चालत नाही. नळावर भागत नाहीच. पण गंमत गंमतच.)

त्या स्टुडिओत एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर घडत होती. तिचा अर्थ मला फार उशिरा लागला. आमच्या गिऱ्हाइकाला ब्लॅक अँड व्हाइट आवडत नव्हतं. ते होतं म्हणून चालत होतं. लग्नानंतर जोडीचा फोटो काढला की पुढचा प्रश्न ठरलेला : रंग भरून द्याल ना? मग काका कापसाचा बोळा काडीला गुंडाळून प्रिंटवर रंग चढवायचे. गाल गुलाबी, ओठ लाल, शालूचा काठ, मळवट, आणि सगळ्यात शेवटी अगदी बारीक ब्रशने दागिन्यांवर पिवळा. त्या पिवळ्याचे पैसे वेगळे नव्हते, पण तो विसरलेला कोणीही खपवून घेत नसे. मला त्या वयात हे सगळं गावठी वाटायचं. एवढा सुंदर ग्रे टोन असलेला प्रिंट, आणि त्यावर हळदीकुंकू!

आता कळतं की ती माणसं अडाणी नव्हती. शेजारचं जळगाव सोन्याचं गाव. आणि ब्लॅक अँड व्हाइट फोटोत सोनं आणि चांदी यांत काही म्हणजे काही फरक दिसत नाही. दोन्ही सारखंच चमकतं, सारखंच करडं पडतं. एका घरी मी स्वतः वाटणीच्या वेळी जुना फोटो नाचवताना पाहिलाय : आजीच्या हातातल्या पाटल्या सोन्याच्या होत्या की चांदीवर मुलामा होता? फोटो भिंगाखाली धरून भाऊ-भाऊ भांडले. फोटो गप्प. ज्याने त्या प्रिंटवर पिवळा लावून घेतला असता त्याला निदान एक दावा करता आला असता.

कला वगैरे प्रकरण माझ्या आयुष्यात आलं ते रंगीत लॅब गावोगाव झाल्यावर. तोवर रंगीत रोल एसटीच्या पार्सलने बाहेरगावी जायचा आणि परत येईपर्यंत नवरा-नवरी सासुरवाडीचं दुसरं जेवण जेवून यायचे. एकदा तासाभरात प्रिंट मिळायला लागल्यावर ब्लॅक अँड व्हाइट पासपोर्ट फोटोपुरतं उरलं, मग तिथूनही गेलं. ओर्वोची फिल्म, उटीच्या सरकारी कारखान्याची इंदू फिल्म, ब्रोमाइड पेपरची पाकिटं दुकानांतून दिसेनाशी झाली. आणि नेमकं तेव्हाच आम्ही काही जणांनी ब्लॅक अँड व्हाइटला छातीशी धरलं. दुर्मीळ झालं की प्रतिष्ठा येते, एवढं साधं कारण होतं का? बऱ्याच अंशी होय. बाजारात रांग रंगीताकडे होती, आम्हाला रांगेत उभं राहायचं नव्हतं.

दुसरं कारण मात्र मानाचं आहे. ते म्हणजे चाळीसगाव. स्टेशनाजवळच्या बंगल्यात केकी मूस राहिले. १९१२ साली मुंबईत जन्मलेला पारशी मुलगा, इंग्लंडला जाऊन शिकला आणि परत येऊन चाळीसगावला जो राहिला तो १९८९ साली जाईपर्यंत बंगल्याबाहेर क्वचितच पडला. चित्रकार, शिल्पकार, आणि टेबल-टॉप फोटोग्राफीत जगभर नाव असलेला माणूस. प्रेयसी गाडीने येईल म्हणून त्यांनी आयुष्यभर वाट पाहिली, ही कथा खान्देशात फोटोग्राफीचा गंध नसलेल्यालाही ठाऊक आहे आणि माझ्या मते तिने त्यांच्या कामाचं नुकसानच केलंय. लोक बंगल्यात जातात आणि फोटो बघायच्या आधी घड्याळ आणि गाडीची वेळ विचारतात. मी त्यांना भेटलो नाही. पण तिथले त्यांचे काळेपांढरे प्रिंट पाहून बाहेर पडलो तेव्हा मी धर्मांतर केलेला माणूस होतो. रंगीत रोल कॅमेऱ्यात असताना कलेच्या नावाने एकही फोटो काढायचा नाही, असं ठरवून टाकलं. केकी मूस यांचं काम मी तेव्हा जसं वाचलं तसं आज वाचत नाही. त्याकडे नंतर येतो.

मत हलायला लागलं ते नंदुरबारच्या मिरचीवर. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला, त्याआधी तो धुळ्यातच होता, त्यामुळे आमच्यासाठी ते घरचं अंगण. थंडीच्या दिवसांत शहराबाहेर मोकळ्या शेतांत मिरचीच्या पथारी पडतात. नजर पोचेल तिथवर मिरची वाळत घातलेली, मधून वाटा, आणि बायका वाकून निवड करताहेत. वास असा की नवखा माणूस शिंकून शिंकून बेजार होतो. मी तिथे काळ्यापांढऱ्या फिल्मवर काम करायचो आणि लेन्सवर लाल फिल्टर चढवायचो. फोटोग्राफरांची ही जुनी युक्ती. लाल काच निळा उजेड अडवते, त्यामुळे निळं आभाळ जवळजवळ काळं उतरतं आणि ढग त्यावर उठून दिसतात. माझी पथारीची चित्रं त्या आभाळामुळेच गाजली. काळं आभाळ, खाली पांढुरकं अफाट मैदान, त्यावर वाकलेल्या बायकांच्या आकृत्या. लोक म्हणत, वाळवंट वाटतं. मला ती दाद वाटायची.

एका वर्षी मोठा प्रिंट काढून ज्यांच्या पथारीवर फोटो घेतला होता त्यांना भेट द्यायला गेलो. व्यापारी चांगला माणूस. त्याने चहा मागवला, चष्मा पुसला, प्रिंट उजेडात धरला आणि निवड करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला हाक मारली. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘भाऊ, हाई त समदी फटकी शे!’’

फटकी म्हणजे रंग उडालेली, पांढरट पडलेली मिरची. चांगल्या मालातून ती वेचून बाजूला काढायची, हेच त्या बाईचं दिवसभराचं काम. भाव ठरतो तो रंगावर. आणि लाल फिल्टरचा दुसरा गुण असा की जे लाल आहे ते तो उजळ करतो. काळ्यापांढऱ्या फिल्मवर त्याच्यातून पाहिलं की लालभडक मिरची आणि फटकी मिरची दोन्ही सारख्याच पांढुरक्या. आभाळ गंभीर दिसावं म्हणून मी खाली सगळा माल बाद करून टाकला होता. आणि ज्या बायका वाकलेल्या दिसतात त्या कशासाठी वाकल्यात, त्यांचे हात काय शोधताहेत, हे माझ्या फोटोतून साफ गेलं होतं. उरली होती ती फक्त वाकलेली पाठ. रंग काढला की माणूस उरतो, असं मी म्हणायचो. इथे रंग काढला आणि त्या माणसाचं कामच निघून गेलं. हातचं काम गेलं की वाकलेली बाई आपोआप दीनवाणी दिसते, आणि दीनवाणी दिसली की प्रदर्शनात लोक जरा वेळ थांबतात. हा हिशेब मला नको तितका चांगला कळला.

व्यापाऱ्याने तो प्रिंट गादीमागे लावला खरा. मैत्रीखातर.

त्यानंतर मी आपले जुने कॉन्टॅक्ट प्रिंट काढून बसलो. प्रत्येक पट्टीवर एकच प्रश्न विचारायचा : इथे रंग काढल्यामुळे काय समजेनासं झालं? होळीआधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, धडगाव-शिरपूरकडे. पावरा मुली चांदीच्या दागिन्यांनी लदलेल्या येतात, आणि एका पाड्याच्या, एका मैत्रिणींच्या घोळक्याच्या मुली ठरवून एकाच रंगाचे कपडे घेतात. गर्दीत कोण कोणाबरोबर आलंय ते दुरून रंगावरून कळतं. माझ्या फोटोंत चांदी अप्रतिम उतरली होती. घोळके मात्र नाहीसे झाले होते, नुसती गर्दी होती. कापसाच्या शेतात लाल्या पडला की पानं लाल होतात. माझ्या फोटोत ते शेत निरोगी. केळीच्या पानावर पिवळे पट्टे आले की रावेर-यावलच्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो; माझ्या फोटोत ते पान ऊन पडल्यासारखं छान. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा करणाऱ्याने काळापांढरा फोटो जोडला तर शेतकरी त्याला उभा करणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं.

म्हणजे मी वर्षानुवर्षं जे सत्याचं माध्यम म्हणून मिरवलं, ते साक्षीला उभं केलं की गडबडतं. हे माझ्या पचनी पडायला वेळ लागला.

रघुवीर सिंग यांच्याशी माझं भांडण जुनं होतं. जयपूरकडचा हा फोटोग्राफर, १९४२ चा जन्म, १९९९ ला गेला, आयुष्यभर रंगीतच काम केलं. १९९८ च्या ‘रिव्हर ऑफ कलर’ या पुस्तकात त्यांनी मांडलं की रंग ही भारतीय नजरेची जन्मजात गोष्ट आहे, आणि काळ्यापांढऱ्यातली उदासी ही पश्चिमेकडून आलेली. मला तेव्हा हे म्हणणं पर्यटन खात्याच्या कॅलेंडरसारखं वाटलं होतं. भारत म्हणजे रंग, झालं! आजही ‘भारतीय नजर’ वगैरे मला झेपत नाही. खान्देशातल्या माणसाची आणि केरळातल्या माणसाची नजर एक कशी असेल? पण उदासीबद्दल ते बरोबर होते. पथारीवरच्या बायका दिवसभर एकमेकींची टिंगल करत, गाणी म्हणत काम करतात. ती उदासी तिथली नव्हती. ती माझ्या पिशवीतून आली होती.

अजिंठ्याचीही गोष्ट मी उलटी वाचत होतो. जळगावहून लेणी साठेक किलोमीटरवर, त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक फोटोग्राफरचा अजिंठ्यावर हक्क. मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल १८४० च्या दशकात भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करायला तिथे आला आणि वर्षानुवर्षं तैलरंगांत कॅनव्हास रंगवत राहिला. ते लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावले आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक सगळे जळाले. त्याने कॅमेऱ्यानेही काम केलं; त्याच्या स्टिरिओ फोटोंचं पुस्तक जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ ला निघालं, ते राहिलं. पुढे जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ पुन्हा नकला करवल्या, त्यांतल्याही कित्येक लंडनमध्येच आगीत गेल्या. गिल १८७९ ला वारला, त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. मी भाषणात म्हणायचो : बघा, रंग जळाले, काळंपांढरं टिकलं!

टाळ्या पडायच्या. पण गिलच्या फोटोंत मुख्यतः आहे काय, तर लेण्यांचं वास्तुशिल्प, खांब, कमानी. चित्रं नव्हेत. कशी असतील? त्या काळची कोलोडियनची काच फक्त निळा उजेड ओळखायची. अजिंठ्याची भिंत म्हणजे गेरू, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी, चुन्याचा पांढरा आणि मोजक्या जागी लाजवर्दी निळा. गेरू आणि पिवळी तिच्यावर काळेच उमटणार. म्हणून तो माणूस त्या अंधाऱ्या लेण्यात ब्रश घेऊन बसला होता. हैदराबाद संस्थानच्या काळात गुलाम याजदानींनी १९३० पासून अजिंठ्याचे जे खंड काढले त्यांच्या नावातच रंगीत आणि एकरंगी अशा दोन्ही प्रतिकृतींचा उल्लेख आहे. त्यांना दोन्हींची गरज कळली होती, मी एकालाच कवटाळून बसलो होतो.

टिकाऊपणाचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही. नीट हायपोत धरलेला, नीट धुतलेला चांदीचा प्रिंट शंभर वर्षं जातो. ऐंशीच्या दशकातले आमच्या हातचे रंगीत प्रिंट उघडून बघा : निळसर थर उडून गेलाय आणि सगळं वऱ्हाड तांबूस पडलंय, जणू मांडवाला आग लागली असावी. तिथे काका जिंकले. त्यांनी बोळ्याने लावलेला गुलाबी अजून गालावर आहे.

डिजिटल आल्यावर हा सगळा वाद मिटायला हवा होता. मिटला नाही, नासला. पूर्वी रोल भरतानाच ठरायचं. ब्लॅक अँड व्हाइट रोल भरला की तो संपेपर्यंत तुम्ही डोळ्यांनीही तसंच बघायचा. लाल साडी दिसली की मनात तिचा करडा लागायचा. आता सगळं रंगीत काढायचं आणि घरी बसून ठरवायचं. आणि ठरवतो कधी? रंग जमले नाहीत तेव्हा. ट्यूबलाइटचा हिरवट उजेड आला, मागे कुणाची भडक पिशवी आली, भिंतीवर गुटख्याची जाहिरात आली, की काढा रंग, झालं कलात्मक. पोरांच्या फोनमध्ये त्याला एक बोट लागतं. फोनमधलं ते बटण साधारण असा हिशेब करतं : हिरव्याचा वाटा ५९ टक्के, लाल ३०, निळा ११. माणसाच्या डोळ्याच्या मानाने ते ठीकच आहे, पण त्या हिशेबात लाल मिरची आणि केळीचं गर्द पान जवळजवळ एकाच करड्यावर येऊन बसतात. काकांनी फिल्टर निवडताना जो विचार केला असता तो इथे कोणीच केलेला नसतो.

याच्या उलट एक गोष्ट सांगतो, म्हणजे माझ्या नव्या मताची हवा जरा कमी होईल. डिजिटल सेन्सरला मुळात रंग कळतच नाही. त्याला फक्त उजेड किती ते कळतं. कोडॅकमधल्या ब्राइस बायरने १९७६ साली पेटंट घेतलं ते त्यावर लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरची बारीक जाळी बसवायचं. निम्मे चौकोन हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक ठिपक्याला एकच रंग खरा मोजलेला असतो, उरलेले दोन शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून काढलेले. म्हणजे रंगीत डिजिटल फोटोत दोन-तृतीयांश रंग अंदाजाचा. त्यावर कॅमेरा कंपनी आपली चव घालते, फोनवाले तर केळीचा बाग असा हिरवागार करतात की त्यात रोग दिसणं मुश्कील. २०१२ साली लायकाने ती जाळी काढून टाकलेला, फक्त काळंपांढरं बघणारा कॅमेरा काढला आणि जास्त पैशांना विकला. त्यामुळे ‘रंग म्हणजे साक्ष’ हे मी म्हणतो तेव्हा ती साक्ष उलटतपासणीत टिकेलच असं नाही. मी आता महत्त्वाच्या कामाला उजेडात पांढरा कागद धरून आधी एक फोटो घेतो, रंगाचा ताळा तिथून करतो. पंचनाम्याची सवय, दुसरं काय.

आता केकी मूस. टेबल-टॉप म्हणजे टेबलावर किरकोळ वस्तू मांडून, उजेड सोडून, एक अख्खं जग उभं करायचं. फोटो बघणाऱ्याला ते डोंगर, बर्फ, झोपडी वाटायला हवं. समजा बर्फाच्या जागी कापूस पसरलाय किंवा मीठ टाकलंय. रंगीत फिल्मवर मिठाला निळसर झाक, कापसाला पिवळसर, टेबलाच्या लाकडाचा तांबूस उजेड खालून वर. सोंग तिथेच उघडं पडेल. काळ्यापांढऱ्यात वस्तूंची जातपातच पुसली जाते. पांढरं ते पांढरं, मग ते मीठ असो की हिमालय. ४५ अंशांच्या चाळीसगावात बसून बर्फ पाडायचा तर रंग घालवल्याशिवाय गत्यंतर नाही. मी तरुणपणी त्या प्रिंटसमोर उभा राहून म्हणालो होतो, हे सत्य आहे. ती तर पहिल्यापासून शेवटपर्यंत रचना होती, त्यांनी तसं लपवलंही नव्हतं. जे माध्यम घरात बसून जग रचायला त्यांनी इतक्या नेमकेपणाने वापरलं, तेच घेऊन मी पथारीवर गेलो आणि त्याला नोंद म्हणालो.

तर माझं मत आता असं आहे. काळापांढरा हा रचण्याचा मार्ग आहे. रंग ही नोंद आहे, कच्ची, अंदाजाची, पण नोंद. रचायचं असेल तर मी अजूनही फिल्मच भरतो, डी-७६ अजून तोलतो, मेमध्ये बर्फ अजून आणतो. कुणाच्या कामाचा, पिकाचा, बाजाराचा फोटो असेल तर रंगीत.

याची परीक्षा अलीकडे एका वेगळ्याच कामात झाली. जुने फोटो रंगीत करून द्या म्हणून लोक येतात. पूर्वी मी हाकलून द्यायचो. आता घेतो. एका कुटुंबाने आजीचा नऊवारीतला फोटो आणला. सॉफ्टवेअरने क्षणात लुगडं मातकट निळं करून दिलं. मी छापायच्या आधी विचारलं, खरा रंग कोणता होता? मुलगा म्हणाला हिरवा, सून म्हणाली आम्ही कधी पाहिलंच नाही. तेवढ्यात कोपऱ्यातल्या मावशी म्हणाल्या, ‘‘मन्ही मायनं लुगडं जांभयं व्हतं.’’ आणि मग जांभळा म्हणजे कसा, वांग्यासारखा की जांभळासारखा, यावर अर्धा तास गेला. शेवटी पेटीच्या तळाला त्या लुगड्याची चिंधी सापडेल म्हणून काम थांबवलंय. काका असते तर त्यांनी आधी चिंधी मागितली असती.

कार्यशाळेत हे सगळं सांगितल्यावर एका मुलीने हात वर केला. ‘‘सर, एक्स-रे काळापांढराच असतो. ती साक्ष नाही का?’’ मी म्हणालो, आहे; कारण तिथे एकच गोष्ट मोजायची असते, कुठे घट्ट आणि कुठे पोकळ. जिथे एकच गोष्ट मोजायचीय तिथे काळंपांढरं पुरतं. तिला ते पूर्ण पटलं नाही. ती सध्या जामनेरकडच्या एका जिनिंगमध्ये फोटो काढतेय, ब्लॅक अँड व्हाइटमध्येच, मला न जुमानता. चांगल्या कापसातून पिवळी पडलेली कवडी वेगळी कशी दाखवशील, असं मी तिला विचारलं. म्हणाली, ‘‘निळा फिल्टर लावायचा, सर. पिवळं काळं पडतं.’’ हिशेबाने बरोबर आहे. पुढच्या वेचणीला तिच्याबरोबर जाऊन करून बघणार आहे.